हूडिया: पेटंट आधी, परवानगी नंतर

कालाहारीच्या वाळवंटात आणि त्याच्या आसपासच्या खडकाळ माळांवर हूडिया गॉर्डोनी नावाची एक वनस्पती उगवते. राखाडी-हिरवे, काटेरी, जाडजूड दांडे जमिनीतून झुबक्याने वर येतात. दिसायला हुबेहूब निवडुंग, पण निवडुंगाशी तिचं काही नातं नाही. रुई आणि कण्हेर ज्या कुळातल्या, त्याच कुळातली ही. फुलं बशीसारखी पसरट, मांसाच्या रंगाची. त्यांना वासही कुजक्या मांसाचाच, कारण परागीभवनासाठी तिला माश्या लागतात. सान लोक शिकारीला लांब निघाले की वाटेत हिचा एखादा दांडा कापून घेत, काटे तासून टाकत आणि आतला कडू, पाणीदार गर चघळत पुढे चालत. दिवसभर पोटात काही नसलं तरी भूक आणि तहान दबून राहते, हे त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्यांच्याकडे तिचं नाव साधारण ‘खोबा’ असं. साधारण म्हणण्याचं कारण, त्या नावाच्या सुरुवातीला टाळूवर जीभ आपटून काढलेला एक टिचकीचा आवाज आहे आणि तो लिहायला आपल्या लिपीत अक्षर नाही.

या कडू गरापासून निघालेलं एक पेटंट, त्या पेटंटाभोवतीचा वाद आणि शेवटी झालेला करार म्हणजे हूडिया प्रकरण. पारंपरिक ज्ञानाच्या लाभवाटपाबद्दल बोलताना हे उदाहरण ‘यशोगाथा’ म्हणूनही दिलं जातं आणि ‘फसवणूक’ म्हणूनही. मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. या प्रकरणात खरा घोळ झाला तो क्रमाचा. ज्यांना सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, त्यांना सगळ्यात शेवटी विचारलं गेलं. त्यांना पुढे जे काही मिळालं आणि जे मिळालं नाही, ते बहुतेक सगळं या उलट्या क्रमातून आलं.

प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ता

सान लोकांना पूर्वी ‘बुशमन’ म्हणत. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोट्स्वाना, अंगोला, झांबिया आणि झिम्बाब्वे या देशांत मिळून त्यांची संख्या साधारण एक लाख धरली जाते. भाषा एक नाही, सगळ्यांचा मिळून एक प्रमुख नाही आणि देशांच्या सीमा त्यांच्या नंतर आखल्या गेल्या. जमिनी गेल्या, शिकारीवर बंदी आली. बरेच जण दुसऱ्यांच्या शेतांवर मजूर म्हणून राबू लागले.

हूडियाच्या वापराची नोंद युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञांनी आणि प्रवाशांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच करून ठेवली होती. नोंद करणाऱ्याने ‘स्थानिक लोक हे खातात’ असं एक वाक्य लिहायचं आणि पुढच्या वनस्पतीकडे वळायचं, अशी तेव्हाची रीत. सांगणाऱ्याचं नाव कुठेच नाही. हे वाक्य पुढे कुणाच्या उपयोगी पडेल याची कल्पना ना लिहिणाऱ्याला होती, ना सांगणाऱ्याला.

१९६३ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या सरकारी वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे तिथल्या सीएसआयआरने, खाण्याजोग्या रानवनस्पतींचा अभ्यास हाती घेतला. (भारतातल्या संस्थेचं नावही तेच आहे. इथे बोलणं चाललंय ते दक्षिण आफ्रिकेतल्या संस्थेबद्दल.) कोणत्या वनस्पती तपासायच्या याची यादी अशा जुन्या नोंदींवरूनच झाली आणि हूडिया त्या यादीत आली. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना अर्क दिला तर ते कमी खात आणि त्यांचं वजन उतरे. नेमका कोणता रेणू हे काम करतो ते शोधायला त्या काळची उपकरणं पुरेशी नव्हती. १९८० च्या दशकात अधिक ताकदीची उपकरणं आल्यावर काम पुन्हा सुरू झालं आणि एक स्टेरॉइडल ग्लायकोसाइड, म्हणजे साखरेचे रेणू जोडलेलं स्टेरॉइडसारखं रसायन, वेगळं काढण्यात आलं. १९९० च्या दशकाच्या मध्यावर सीएसआयआरने पेटंटसाठी हालचाल केली. १९९८ पर्यंत आंतरराष्ट्रीय अर्जही झाला होता.

पेटंट वनस्पतीवर नव्हतं. ते अर्कावर, त्यातल्या क्रियाशील रेणूंवर आणि भूक दाबण्यासाठी त्यांचा उपयोग करण्यावर होतं. यातले पहिले दोन भाग प्रयोगशाळेत घडले, त्याचं श्रेय संशोधकांना द्यायलाच हवं. तीस वर्षं चिकाटीने रसायनशास्त्र करणं सोपं नसतं. तिसरा भाग मात्र, म्हणजे ‘हे खाल्लं की भूक लागत नाही’, प्रयोगशाळेत सापडलेला नव्हता. तो तिथे आयता आला होता.

सीएसआयआरने विकासाचा परवाना फायटोफार्म या ब्रिटिश कंपनीला दिला. रेणूला ‘पी ५७’ हे नाव मिळालं. फायटोफार्मने १९९८ मध्ये फायझरला उपपरवाना दिला, कोट्यवधी डॉलरच्या अपेक्षेवर. लठ्ठपणावरच्या औषधाची बाजारपेठ केवढी, हे वेगळं सांगायला नको. या संपूर्ण साखळीत, १९६३ पासून २००१ पर्यंत, सान लोकांच्या एकाही संघटनेला कुणी पत्र लिहिलं नाही.

तेव्हाचा आंतरराष्ट्रीय नियम काय म्हणत होता

इथे थोडं थांबायला हवं, कारण ‘तेव्हा नियमच नव्हते’ हा बचाव पुन:पुन्हा केला जातो आणि तो खरा नाही.

जैवविविधता करार १९९२ मध्ये रिओ दि जानेरोत सह्यांसाठी खुला झाला आणि २९ डिसेंबर १९९३ ला लागू झाला. दक्षिण आफ्रिकेने १९९५ मध्ये त्याला मान्यता दिली. कराराची तीन उद्दिष्टं आहेत: जैवविविधतेचं संवर्धन, तिचा शाश्वत वापर आणि जनुकीय संसाधनांच्या (म्हणजे उपयोगाच्या वनस्पती, प्राणी, सूक्ष्मजीव यांच्या) वापरातून होणाऱ्या लाभाचं न्याय्य वाटप. या तिसऱ्या उद्दिष्टासाठी दोन कलमं कामाची आहेत.

कलम १५ सांगतं की जनुकीय संसाधनांवर त्या-त्या देशाचा सार्वभौम हक्क आहे. ती हवी असतील तर देशाची पूर्वसंमती घ्या आणि दोघांना मान्य असलेल्या अटींवर लाभ वाटून घ्या. बाहेरची कंपनी येते आणि गरीब देशातून रोप उचलून नेते, हे चित्र डोळ्यासमोर ठेवून हे कलम लिहिलेलं आहे. हूडियाच्या बाबतीत रोप देशातलं आणि संशोधन करणारी संस्था त्याच देशाच्या सरकारची. परवानगी घरातल्या घरात. कलम १५ च्या नजरेने पाहिलं तर कुणाचंच काही चुकलेलं नाही! देश आणि त्या देशातला एक समाज यांचं हित एकच असतं असं या कलमाने गृहीत धरलं आहे, आणि सान लोकांच्या बाबतीत नेमकं तेच गृहीतक कोसळतं.

दुसरं कलम ८ (ञ). स्थानिक आणि आदिवासी समाजांच्या ज्ञानाचा आदर करावा, ते जपावं, ज्यांचं ज्ञान आहे त्यांच्या मान्यतेने आणि सहभागाने त्याचा वापर वाढवावा आणि लाभाच्या न्याय्य वाटपाला ‘प्रोत्साहन द्यावं’, असं ते म्हणतं. त्यातही सुरुवातीलाच ‘राष्ट्रीय कायद्याच्या अधीन राहून’ अशी पुस्ती आहे. दक्षिण आफ्रिकेत तेव्हा असा राष्ट्रीय कायदाच नव्हता. म्हणजे तत्त्व मान्य झालेलं होतं, पण ते न पाळल्याबद्दल कुणाला जाब विचारायचा याची सोय झालेली नव्हती. मान्यता घेतली नाही म्हणून पेटंट अडत नव्हतं, परवाना अडत नव्हता, पैसाही अडत नव्हता.

२००१: वर्तमानपत्रातली बातमी

जून २००१ मध्ये लंडनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने ही गोष्ट छापली. दक्षिण आफ्रिकेतल्या ‘बायोवॉच’ या संस्थेने धागा पुरवला होता. फायटोफार्मच्या प्रमुखांनी दिलेला खुलासा आजही वाचवत नाही. हूडिया वापरणारे लोक नामशेष झाले आहेत अशी त्यांची समजूत होती. एक लाख माणसं जिवंत होती, त्यातली काही तर त्याच सुमाराला सरकारकडे केलेला जमिनीचा दावा जिंकून बसली होती.

तो दावाही या प्रकरणात महत्त्वाचा आहे. खोमानी सान समाजाला कालाहारी गेम्सबॉक उद्यानासाठी आपल्या जमिनीवरून हुसकावून लावलं होतं. १९९९ मध्ये त्यांचा जमिनीचा दावा मान्य झाला आणि उद्यानाच्या आत-बाहेर हजारो हेक्टर जमीन त्यांना परत मिळाली. या लढ्यामुळे सान नेत्यांकडे संघटना होती, वकील होते आणि सरकारसमोर बसून बोलण्याचा सराव होता. १९९६ मध्ये स्थापन झालेली ‘विम्सा’ ही दक्षिणेकडच्या देशांतल्या सान समाजांची सामाईक संघटना होती. २००१ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेची सान परिषद उभी राहिली. जमिनीच्या दाव्यात सान लोकांची बाजू लढवणारे वकील रॉजर चेनेल्स यांनीच हूडियाच्या वाटाघाटी हाताळल्या. ही तयारी आधीच झाली नसती तर बातमी छापून आली असती, चार दिवस गाजली असती आणि तिथेच विरली असती. असं ज्ञान असलेले कितीतरी समाज आहेत, पण त्यांच्याजवळ विम्सा नाही.

टेबलावरचे दोन पर्याय

सान परिषदेसमोर दोन वाटा होत्या.

एक, पेटंटला आव्हान द्यायचं. पेटंटसाठी नावीन्य लागतं आणि हा वापर तर शेकडो वर्षं जुना, पुस्तकात छापलेला. दावा काही अंशी तरी टिकण्यासारखा होता. पण जिंकून मिळणार काय? पेटंट रद्द झालं की ते ज्ञान सगळ्यांचं, म्हणजे कुणीही हूडियाची गोळी विकावी आणि सान लोकांना एक पैसा देऊ नये. शिवाय रेणू वेगळा काढण्यावरचा हक्क त्यातूनही वाचला असता तर हार ती हारच. आणि खर्च कुणी करायचा?

दोन, पेटंट मान्य करून त्यातल्या उत्पन्नात वाटा मागायचा.

त्यांनी दुसरी वाट धरली. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. सजीवांवर आणि पूर्वजांच्या ज्ञानावर मालकी सांगणाऱ्या व्यवस्थेत तुम्ही सामील झालात, असं काही कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं. मला ती टीका दुरून केलेली वाटते. दोन्ही वाटा अरुंद होत्या आणि त्या सान लोकांनी निवडलेल्या नव्हत्या. ज्या दिवशी पेटंटचा अर्ज कुणाला न विचारता केला गेला, त्याच दिवशी ‘नको’ म्हणण्याची तिसरी वाट बंद झाली होती. पूर्वसंमतीतला ‘पूर्व’ हा शब्द म्हणूनच जड आहे. आधी विचारलं तर ‘नाही’ म्हणता येतं, ‘आमच्या अटींवर या’ म्हणता येतं, ‘आम्हाला पेटंटमध्ये भागीदार करा’ असंही म्हणता येतं. नंतर विचारलं तर किती टक्के घेणार, एवढाच प्रश्न उरतो.

फेब्रुवारी २००२ मध्ये सामंजस्य करार झाला. हूडियाच्या ज्ञानाचे मूळ धारक सान लोक आहेत, हे सीएसआयआरने त्यात लेखी मान्य केलं. माझ्या मते या प्रकरणातलं हे सगळ्यात मोलाचं पान आहे, टक्केवारीच्या पानापेक्षाही. मार्च २००३ मध्ये कालाहारीतल्या आंद्रिसफाले इथे लाभवाटपाच्या करारावर सह्या झाल्या. सान परिषदेच्या वतीने अध्यक्ष पेट्रस वालबुई यांनी सही केली.

करारातल्या ठळक गोष्टी अशा. उत्पादनाच्या चाचण्यांचे टप्पे पार होतील तेव्हा सीएसआयआरला मिळणाऱ्या रकमेतले ८ टक्के सान लोकांना. उत्पादन बाजारात आल्यावर सीएसआयआरला मिळणाऱ्या रॉयल्टीतले ६ टक्के सान लोकांना. पैसे व्यक्तींना नाहीत, एका न्यासाकडे. बदल्यात सान लोक पेटंटच्या मालकीत वाटा मागणार नाहीत आणि स्पर्धक उत्पादनासाठी दुसऱ्या कुणाला मदत करणार नाहीत.

सहा टक्के, पण कशाचे?

बातम्यांमध्ये ‘सहा टक्के’ हा आकडा फार झळकला आणि वाचणाऱ्याला वाटलं की गोळीच्या किमतीतले सहा टक्के. तसं नव्हतं. मोठी कंपनी विक्रीतला एक भाग फायटोफार्मला देणार, फायटोफार्म आपल्याला मिळालेल्यातला एक भाग सीएसआयआरला देणार आणि सीएसआयआर आपल्या भागातले ६ टक्के सान न्यासाला. वरच्या दोन पायऱ्यांचे दर कंपन्यांनी गोपनीय ठेवले होते. म्हणून हिशोब समजण्यापुरते काल्पनिक आकडे घेऊ. १०० रँडची (रँड हे दक्षिण आफ्रिकेचं चलन) विक्री झाली, त्यातले ५ फायटोफार्मकडे गेले, त्यातले २ सीएसआयआरकडे आले. २ रँडचे ६ टक्के म्हणजे १२ सेंट. शंभर रँडमागे बारा सेंट. टक्केवारी ऐकताना ‘कशाच्या टक्के’ हे विचारायची सवय या प्रकरणाने मला लावली.

आणखी एक बारकावा. सान परिषदेचा करार फक्त सीएसआयआरशी होता. फायटोफार्म आणि फायझरवर सान लोकांप्रती कोणतीही जबाबदारी नव्हती, उलट करारामुळे त्या सुरक्षित झाल्या. वाटणी पूर्णपणे सरकारी संस्थेच्या ताटातून होणार होती. ज्यांच्या ताटात सगळ्यात जास्त पडणार, त्यांच्या ताटाला हात लागला नाही.

न्यासात आलेला पैसा पुढे कसा वाटायचा, हा प्रश्न सान लोकांनी ज्या पद्धतीने सोडवला तो भाग मला आदर्श वाटतो. हूडिया सगळीकडे उगवत नाही. सगळ्या सान समाजांनी ती वापरलीच असेल असंही नाही. ज्यांनी वापरली त्यांनाच पैसे द्या, असं म्हणणं सोपं होतं. विम्साच्या बैठकीत उलटा निर्णय झाला: हा सगळ्या सान लोकांचा सामाईक वारसा आहे. उत्पन्नाचा ७५ टक्के भाग दक्षिण आफ्रिका, नामिबिया आणि बोट्स्वाना इथल्या सान परिषदांत समान वाटायचा, बाकीचा न्यासाच्या आणि संघटनेच्या कामासाठी ठेवायचा. अनेक देशांत विखुरलेल्या ज्ञानाचं काय करायचं यावर आंतरराष्ट्रीय वाटाघाटींत पुढे वर्षानुवर्षं खल झाला. या माणसांनी ते आपापसात बसून ठरवलं होतं.

पण सगळे प्रश्न तिथे मिटले नाहीत. सान लोकांच्या शेजारी राहणारे, खोई गटातले नामा लोकही हूडिया वापरत आले होते. त्यांचं नाव पहिल्या करारात कुठेच नव्हतं. संशोधकांना एक धारक सापडला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि शेजारी राहून जातात. नामा समाजाशी बोलणी पुढे सान नेत्यांनाच करावी लागली.

पेटंटच्या बाहेरचा बाजार

इकडे कराराची शाई वाळते न वाळते तोच, २००३ मध्ये, फायझरने हक्क सोडून दिले. २००४ च्या शेवटी युनिलिव्हर आली. तिला औषधाची गोळी करायची नव्हती, वजन कमी करणाऱ्या पेयांत आणि खाद्यपदार्थांत अर्क घालायचा होता. त्याच सुमाराला अमेरिकेत हूडियाचा बोलबाला झाला आणि वाळवलेल्या हूडियाच्या कॅप्सूल, पावडरी, चहा, चॉकलेटं यांचा पूर आला. यातलं बरंच हूडिया नव्हतंच, दुसऱ्याच कशाची तरी भुकटी होती. जे खरं होतं त्यातलं पुष्कळ रानातून ओरबाडून आणलेलं. वनस्पती हळू वाढणारी, तिला हे सोसवेना. २००४ मध्ये तिचं नाव वन्यजीव व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं.

या बाजारातून सान लोकांना कराराने काहीच मिळत नव्हतं. वाळवलेला दांडा कापून भुकटी विकणाऱ्याला पी ५७ चं पेटंट आडवं येत नव्हतं, आणि करार तर पेटंटला बांधलेला होता. डब्यांवर मात्र ‘बुशमनचं हजारो वर्षांचं गुपित’ असा मजकूर आणि धनुष्यबाण घेतलेल्या शिकाऱ्याचं चित्र. ज्ञान विकलं जात होतं, चेहरा विकला जात होता, आणि वाटणीचा नियम रेणूपाशी अडकून पडला होता. अमेरिका जैवविविधता कराराची सदस्यच नसल्याने तिथल्या विक्रेत्यांना त्या कराराचा धाक नव्हता.

सान परिषदेने हे लवकर ओळखलं आणि २००७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या हूडिया उत्पादकांच्या संघटनेशी वेगळा करार केला. विकल्या जाणाऱ्या वाळलेल्या मालाच्या वजनावर ठरावीक रक्कम न्यासाला. पेटंट असो वा नसो, माल निघाला की पैसे. पहिल्या करारापेक्षा हा जास्त शहाणपणाचा होता, कारण तो ज्ञानाच्या प्रत्यक्ष वापराला बांधलेला होता. दुर्दैवाने तोवर उशीर झाला होता.

२००८ च्या अखेरीस युनिलिव्हरने प्रकल्प सोडला. सुमारे दोन कोटी युरो खर्च झाले होते. सुरक्षितता आणि परिणामकारकता, दोन्हींबाबत समाधान होत नव्हतं. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वजन जास्त असलेल्या स्त्रियांना १५ दिवस अर्क दिला गेला होता. त्यांचं खाणं आणि वजन अर्क नसलेलं नकली पेय घेणाऱ्यांइतकंच राहिलं, शिवाय मळमळ, उलट्या आणि रक्तदाब वाढणं असे त्रास दिसले. म्हणजे सान लोकांचं ज्ञान खोटं होतं का? मला तसं वाटत नाही. उन्हात मैलोन्‌मैल चालताना ताजा गर चघळणं वेगळं आणि रोज ठरलेल्या मात्रेत अर्क पिणं वेगळं. पण मोठी विक्री थांबली, बाजार कोसळला, आणि ज्यांनी शेतात हूडिया लावली होती त्यांच्याकडे ती पडून राहिली. सान न्यासाला एकूण मिळाले ते टप्प्यांच्या रकमांतले काही लाख रँड. रॉयल्टीचा दिवस उगवलाच नाही.

आजचे नियम लावून पाहिले तर

हूडियाचा वाद चालू असतानाच २००२ मध्ये जैवविविधता कराराखाली लाभवाटपाची बॉन मार्गदर्शक तत्त्वं आली, पण ती ऐच्छिक होती. बंधनकारक नियम आला तो त्याच कराराला जोडलेल्या नागोया प्रोटोकॉलमुळे. तो २०१० मध्ये जपानमध्ये स्वीकारला गेला आणि १२ ऑक्टोबर २०१४ ला लागू झाला. हूडियासारखं प्रकरण आज घडलं तर काय होईल?

पहिला फरक, समाजाची संमती आता स्वतंत्र आहे. संसाधनासाठी देशाची परवानगी एक, आणि ज्ञानासाठी ते बाळगणाऱ्या समाजाची संमती वेगळी. देशाने देशाला परवानगी दिली म्हणून विषय संपत नाही. दुसरा, समाजाचे रूढ नियम आणि त्यांनी स्वतः लिहिलेली नियमावली देशांनी विचारात घ्यायची आहे. तिसरा, कंपनी ज्या देशात आहे त्या देशानेही तपासणी नाके ठेवायचे आणि संसाधन कायदेशीर मार्गाने आलं का हे विचारायचं. फायटोफार्मला ब्रिटनमध्येच हा प्रश्न विचारला गेला असता. चौथा, एकच ज्ञान अनेक देशांतल्या समाजांकडे असेल तर देशांनी एकमेकांशी सहकार्य करायचं.

तरीही एक मोठी फट उरते, आणि हूडिया नेमकी त्या फटीतूनच गेली होती. संशोधकांनी ज्ञान सान माणसाकडून घेतलंच नाही, पुस्तकातून घेतलं. छापून झालेलं ज्ञान अजूनही समाजाचं ‘जवळचं’ मानायचं का, की ते आता सगळ्यांचं? नागोयाच्या मजकुरात याचं थेट उत्तर नाही. वाटाघाटींत यावर खूप ओढाताण झाली होती. माझं मत सरळ आहे: ज्याला न विचारता ज्ञान लिहून घेतलं, त्याच्या हक्कावर त्या लिहून घेण्याने पाणी पडू नये. पण हे मत आहे, नियम नाही.

पेटंटच्या बाजूने बदल थोडा उशिरा, पण ठोस झाला. दक्षिण आफ्रिकेने २००४ मध्ये जैवविविधता कायदा केला. २००५ मध्ये पेटंट कायदा दुरुस्त करून अर्जदाराने देशी संसाधन किंवा पारंपरिक ज्ञान वापरलं आहे का हे सांगणं सक्तीचं केलं. या दोन्ही कायद्यांमागे हूडियाची सावली स्पष्ट दिसते. जागतिक पातळीवर मे २०२४ मध्ये जागतिक बौद्धिक संपदा संघटनेत नवा करार मंजूर झाला. शोध जनुकीय संसाधनावर किंवा पारंपरिक ज्ञानावर आधारलेला असेल तर अर्जात मूळ देश आणि ज्यांचं ज्ञान आहे तो समाज जाहीर करायचा. पी ५७ च्या अर्जात ‘सान’ हा शब्द लिहावा लागला असता. त्याने पैसे मिळाले नसते, पण ‘ते लोक नामशेष झाले’ असं म्हणायची सोय राहिली नसती.

रोप हातात न घेता संगणकात साठवलेल्या नुसत्या जनुकक्रमावर काम करणाऱ्यांचं काय, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी, अशा कंपन्यांनी पैसे भरायच्या एका निधीची रचना २०२४ मध्ये कोलंबियातल्या काली इथे ठरली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला. किमान निम्मा पैसा आदिवासी आणि स्थानिक समाजांसाठी, असं त्यात म्हटलंय. भरणा मात्र कंपन्यांच्या इच्छेवर आहे.

हूडियानंतर

सान लोकांनी स्वतः या अनुभवातून काय उचललं, ते रॉयबॉस चहाच्या प्रकरणात दिसतं. रॉयबॉस हे दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत होणारं झुडूप, ज्याचा चहा जगभर जातो. त्यावरचं ज्ञान सान आणि खोई लोकांचं आहे, असा दावा त्यांनी एकत्र केला. हूडियात राहून गेलेल्या शेजाऱ्याला या वेळी बरोबर घेतलं. जवळपास नऊ वर्षं बोलणी चालली. नोव्हेंबर २०१९ मध्ये करार जाहीर झाला: शेतावरून माल उचलताना जी किंमत ठरते तिच्या १.५ टक्के, दर वर्षी, संपूर्ण उद्योगाकडून. एखादा रेणू चाचणीत पास होतो की नाही यावर काही अवलंबून नाही. कशाच्या टक्के, हे या वेळी आधी विचारलं गेलं.

आणि २०१७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सान समाजांनी संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता जाहीर केली. आफ्रिकेतल्या आदिवासी समाजाने स्वतः केलेली ही पहिली. तिच्या घडणीत मोठा वाटा असलेले सान नेते आंद्रिस स्टीनकॅम्प ती जाहीर होण्याआधीच, २०१६ मध्ये, गेले. संशोधकांना ते सांगत की आमच्याकडे येताना खिडकीतून शिरू नका, दारातून या. दार म्हणजे परिषदेची पद्धत: संशोधनाचा प्रस्ताव काम सुरू होण्याआधी सान परिषदेकडे द्यायचा, ती तो वाचणार, हवे ते प्रश्न विचारणार, आणि तिला ‘नाही’ म्हणायचं असेल तर तेही म्हणणार.